हजेरीपट नको, फाटकावरच्या वेळा तपासा

संपादक महोदय,

माझा मुलगा गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत कंत्राटावर पॅकिंगचं काम करतो. सकाळी सातच्या पाळीसाठी पहाटे पाचला वाळपईहून निघतो. पाळी तीनला सुटते. पण गेल्या महिन्यात सात वेळा तो रात्री एकला घरी आला. "रिलिव्हर आला नाही, डबल करावी लागली," एवढंच सांगतो. म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, म्हणून ती पाळीही यालाच करावी लागली. परवा ताट वाढून मी आमटी आणायला आत गेले, येऊन बघते तर भातात हात तसाच ठेवून बसल्या जागी झोपलेला. चारला पुन्हा उठायचं होतं.

आठवड्याला 48 तास ही मर्यादा 1948 च्या कारखाना कायद्यातही होती. जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावी लागते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत दिवसाचे आठ तास लिहिलेत आणि ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते, असंही लिहिलंय. कसली संमती? तीनला सुपरवायझर दारात उभा राहतो आणि म्हणतो, "जायचं तर जा, उद्या येऊ नकोस." कंत्राटी पोरगा काय बोलणार! दुसऱ्या पाळीचे पैसे 'भत्ता' म्हणून मिळतात, तेही साध्याच दराने.

कोरोनाच्या काळात गुजरात सरकारने दुप्पट मजुरीशिवाय बारा तास काम करून घ्यायला मुभा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 रोजी ती रद्द केली. एवढ्या मोठ्या संकटात जे चाललं नाही, ते आज एक माणूस कामावर आला नाही म्हणून कसं चालतं?

हजेरीपटावर मुलाचे आठच तास दिसतात. निरीक्षक आले तरी तोच कागद पुढे होणार. पण फाटकावर आत-बाहेर जाताना कार्ड पंच होतं, त्यात खरी वेळ असते. कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाला माझी कळकळीची विनंती आहे, त्या वेळा हजेरीपटाशी ताडून पाहा. आणि एकदा तरी रात्री अकराला फाटकावर या. बाहेर पडणाऱ्या पोरांना एवढंच विचारा, सकाळी किती वाजता आत गेला होतात?

– एक आई, वाळपई, सत्तरी
(मुलाची नोकरी जाईल, म्हणून नाव छापू नये.)