पायी जाणाऱ्याचा तंबू

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गोठलेल्या तळ्यावर भोकं पाडून मासे धरायला बसायच्या चार तंबूंची यादी, प्रत्येकात किती माणसं बसतात, उंची किती, खिडक्या किती, सगळं अगदी टापटीप लिहिलं आहेस. फक्त वजनाचा रकाना नाही! तुझ्याकडे ना बर्फावर चालणारी स्नोमोबिल ना चार जाड चाकांची एटीव्ही. गाडी काठावर लावायची आणि तिथून दीड किलोमीटर गोठलेल्या तळ्यावरून सगळं स्वतः ओढत न्यायचं. म्हणजे आधी वजन बघायचं, मग बाकीचं.

आणि नुसत्या तंबूचं वजन बघून भागत नाही. बर्फाला भोकं पाडायचा ऑगर, पाण्याखालचे मासे दाखवणारा फ्लॅशर, त्याची बॅटरी, हीटर, गॅसची बाटली, बसायला काहीतरी, रॉड, गळ, आमिष, पाणी. तंबू दोन किलोंनी हलका मिळावा म्हणून माणसं दुकानं पालथी घालतात आणि फ्लॅशरला मात्र जुनी शिशाची बॅटरी लावून फिरतात. बारा व्होल्टची ती छोटी बॅटरी दोन-अडीच किलोंची असते, तेवढ्याच क्षमतेची लिथियमची साधारण एक किलोत येते. पेट्रोलवर चालणाऱ्या ऑगरचंही तेच. पायी जाणाऱ्याने कॉर्डलेस ड्रिलला ऑगरचं पातं जोडावं आणि मोकळं व्हावं.

आता मुख्य प्रश्न, फ्लिप-ओव्हर की हब. फ्लिप-ओव्हरमध्ये खाली प्लास्टिकची स्लेज, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, असते, तिच्यावरच खुर्ची बसवलेली, आणि कापडाचं छप्पर बाबागाडीच्या टपासारखं मागून पुढे ओढून घ्यायचं. मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झने १९८०च्या दशकात 'फिश ट्रॅप' नावाने हा प्रकार लोकप्रिय केला. त्यामागचा त्याचा विचार मला अजूनही पटतो : मासे एका जागी थांबत नाहीत, मग आपण का थांबायचं? एका भोकात हालचाल नाही दिसली की टप मागे, स्लेज ओढली, पुढच्या भोकावर टप पुढे. मिनिटभराचं काम. पर्च माशांच्या मागे फिरणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

हब म्हणजे चारही भिंतींच्या आणि छताच्या मधोमध एकेक सांधा, त्यातून निघालेल्या फायबरग्लासच्या काड्या, आणि सांध्याला बाहेरून एक पट्टा. पट्टा धरून जोरात ओढला की 'फट्' आवाज करून भिंत बाहेर फुगते. आत उभं राहता येतं, तीन-चार भोकं पाडता येतात, सोबत कोणी असेल तर गप्पा मारता येतात. पण तो हलवायचा म्हणजे बर्फात पिळून बसवलेले अँकर काढा, भिंती पाडा, पुन्हा उभा करा. म्हणून हबवाले मासे लागोत न लागोत, बूड हलवत नाहीत.

वजनाच्या बाबतीत दुकानात हब जिंकतो. साधा, अस्तर नसलेला, दोन-तीन माणसांचा हब ११ किलोंच्या आसपास मिळतो, तर एकट्याचा फ्लिप-ओव्हर २० ते ३० किलोंचा. पण फ्लिप-ओव्हरच्या आकड्यात स्लेज आणि खुर्ची धरलेली असते. हबला वेगळी स्लेज लागते, वेगळं बसायला लागतं, वाऱ्यासाठी जास्त अँकर लागतात. सगळं एकत्र तोललं की फरक बराच कमी होतो. दोघांचा फ्लिप-ओव्हर मात्र तुझ्या यादीतून आजच काट. तो ५० किलोंपर्यंतही जातो, आणि मोकळ्या बर्फावर सुरेख घसरणारी तीच स्लेज वीतभर भुसभुशीत बर्फात रुतली की कंबरेचा पार भुगा करते.

हबच्या जाहिरातीतल्या मापांनाही भुलू नकोस. बरेचदा लिहिलेलं माप हब ते हब असतं, म्हणजे फुगलेल्या भिंतींच्या टोकापासून टोकापर्यंतचं. साडेसात फूट वाचून घेतलास तर पायाशी सहाच फूट निघतील, आणि भोकं पायाशी असतात, भिंतीच्या फुगीर पोटात नाही. 'तीन माणसांचा' म्हणजे जाड कपडे घातलेली दोन माणसं आणि एक बादली, असं समज.

आता वारा. तळ्यावर त्याला अडवायला झाड नाही की भिंत नाही. मोकळा सोडलेला हब उडाला तर त्याच्या मागे धावायचं सोडून हातात काही उरत नाही. म्हणून पिशवीतून काढून बर्फावर पसरायचा तो दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला येईल असा. मग वाऱ्याकडच्या कोपऱ्यांत आधी अँकर पिळायचे आणि नंतरच भिंती उघडायच्या. आवरताना उलटं : वाऱ्याकडचे अँकर सगळ्यात शेवटी. कडक बर्फात अँकर हाताने पिळताना मनगटं भरून येतात, तेव्हा तो ड्रिलने पिळता येईल असा जोड घेऊन ठेव, फारसा महाग नसतो. तंबूच्या खालच्या झालरीवर बर्फ लोटायचा तो कोरडा. भोकातून निघालेला ओला चिखलासारखा बर्फ टाकलास तर झालर तळ्याला चिकटून गोठते, आणि संध्याकाळी घाईने ओढली की कापड फाटतं. बुटाच्या टाचेने हळूहळू सोडवायची.

अस्तराबद्दल तू विचारलं आहेस की 'एवढी थंडी सोसेन, मग पैसे का घालू?' अस्तर थंडीसाठी आहेच, पण मला ते पाण्यासाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रोपेन जळला की पाण्याची वाफ तयार होते, आणि ती जळलेल्या गॅसच्या दीडपटीहून जास्त वजनाची असते. ४६५ ग्रॅमची छोटी बाटली संपली की पाऊण लिटर पाणी तंबूच्या हवेत गेलेलं असतं. त्यात तुझा श्वास आणि भोकांतलं पाणी. हे सगळं गार कापडावर बसतं, आधी मानेवर टपटपतं, हीटर बंद केलास की तिथेच गोठतं. संध्याकाळी घडी घालताना कापड पुठ्ठ्यासारखं कडक, पिशवीत जाता जात नाही, आणि सकाळी आणला त्याहून जड. अस्तराच्या आतल्या बाजूला ऊब टिकते म्हणून हे खूप कमी होतं. पण अस्तरामुळे ११ किलोंचा हब १५ च्या पुढे जातो. एकट्याच्या लहान तंबूला ही वाढ परवडते, मोठ्याला नाही. तसाही ओला तंबू घरी आल्यावर उघडून वाळवायचाच, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते.

हीटरवरून एक गोष्ट बजावून सांगतो. वरचा आणि खालचा, दोन्ही झरोके उघडे ठेवायचे, कितीही बोचरं वारं येवो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हीटरमधली सुरक्षा कळ ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडते, ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्यासाठी बॅटरीवरचा वेगळा अलार्म घे. हीटर ४००० बीटीयूच्या (उष्णतेचं माप) मंद आचेवर ठेवला तर एक बाटली पाच तासांच्या आसपास पुरते. लहान तंबूला तेवढी आच पुष्कळ झाली, आणि एक बाटली कमी ओढावी लागते.

ओढण्याचं तंत्र तंबूइतकंच महत्त्वाचं. दोरी हातात धरू नकोस, खांदे एकाच बाजूला झुकतात. कंबरेला रुंद पट्टा लाव, पण एका झटक्यात सुटणारी कडी असलेलाच. बर्फ फुटून आत गेलास तर स्लेजला बांधलेला राहता कामा नये. स्लेजच्या तळाला जाड प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून घे, तळ झिजत नाही आणि ओढ हलकी होते. जड सामान स्लेजच्या मागच्या अर्ध्यात ठेव, म्हणजे नाक बर्फात घुसत नाही.

बर्फाची जाडी तुला ठाऊक आहे, तरी लिहितो : पायी जायला स्वच्छ, निळसर बर्फ किमान ४ इंच. पांढरा बर्फ निम्म्याच ताकदीचा, तिथे जाडी दुप्पट हवी. पहारीने ठोकत जा, आणि पाण्यात पडलास तर बाहेर यायला बर्फात रोवायच्या खिळ्यांची जोडी गळ्यात असू दे, पिशवीत नाही.

बारीकसारीक : झिपेची कडी हातमोजे घालून पकडता येते का ते दुकानातच बघ. खिडक्या वेल्क्रोने निघणाऱ्या असाव्यात, थंडीत प्लास्टिक तडकतं. आतून कापड काळं असलं तर भोकात खाली खोलवर दिसतं, उथळ पाण्यात मासा आमिषाशी येऊन घुटमळताना बघायची मजा त्यातच आहे. बाहेर चमकणाऱ्या पट्ट्या हव्यातच, अंधारात स्नोमोबिलवाल्याला तू दिसायला हवास. आग लवकर न पकडणाऱ्या कापडावर सीपीएआय-८४ अशी चिठ्ठी असते, ती शोध.

तर माझं मत : बहुतेक वेळा तू एकटा जाणार आहेस, तेव्हा एकट्याचा, अस्तर असलेला, २५ किलोंच्या आतला फ्लिप-ओव्हर घे. चिरंजीव खरंच दर खेपेला येणार असतील तर साधा हब आणि हलकी स्लेज, आणि ओढायला त्यालाही दुसरा पट्टा. यादीतला तिसरा तंबू दिसायला झकास आहे, पण तो गाडीमागे बांधून नेणाऱ्यांसाठी आहे.

पैसे देण्याआधी एक कर. तंबू सोडून मासेमारीचं बाकीचं सगळं सामान एका खोक्यात भरून वजनकाट्यावर ठेव आणि आकडा मला कळव. त्यावरून तंबूला किती किलो उरतात ते ठरवू.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
नितीन