मीटरची रिंग आणि सोनाराची ओपणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या देखभालीविषयी नुकत्याच आलेल्या लेखातील एका विधानासंबंधी हे पत्र आहे. डॅशबोर्डवरचे जुने मीटर कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात, ते उघडता येत नाहीत, म्हणून बिघडल्यावर सरळ नवे बसवावेत, असे त्यात म्हटले होते. मीटर कायमचे बंद केलेले असतात, हे निम्मे खरे आहे. ते उघडता येत नाहीत, हे मात्र मुळीच खरे नाही. वडिलांच्या जुन्या जीपचे सगळे मीटर मी गेल्या काही वर्षांत स्वतः उघडून पुन्हा बंद केले आहेत, आणि त्यातील एक आधी दुसऱ्याच्या हातून खराबही करून घेतला आहे.

मीटरच्या काचेभोवती जी चकचकीत कड दिसते, तिला आपल्याकडचे मेकॅनिक नुसते ‘रिंग’ म्हणतात. ही रिंग बहुधा पातळ पितळी पत्र्याची असून तिच्यावर निकेल-क्रोमचा मुलामा असतो. पुढून ती काच आणि रबराचे पॅकिंग धरून ठेवते आणि मागच्या बाजूला तिची कड मीटरच्या डबीच्या ओठावर सगळीकडून दुमडलेली असते. स्क्रू नाही, आटे नाहीत, ती दुमड हेच काय ते कुलूप. काही इंग्लिश बनावटीच्या मीटरांत, विशेषतः स्मिथ्स कंपनीच्या, पूर्ण दुमड नसून तीन-चार जिभा असतात आणि रिंग थोडी फिरवली की त्या खाचांतून मोकळ्या होतात. त्यामुळे हत्यार हाती घेण्यापूर्वी मीटर उलटा करून नीट पाहावा. रिंगला लोहचुंबक लावून पाहणेही बरे, कारण तो घट्ट चिकटला तर रिंग लोखंडी आहे, ती पितळेसारखी ऐकत नाही आणि दुमडीत बहुधा गंजलेली असते.

माझ्या जीपचा तापमानाचा मीटर दुरुस्तीसाठी मी पूर्वी एका मोठ्या शहरातील गॅरेजकडे दिला होता. तेथे रुंद पेचकस घालून एका झटक्यात रिंग उचकटण्यात आली, आणि परत बसेना तेव्हा ती चिकटपट्टीने धरून एम-सीलने लिंपण्यात आली. मीटर घरी आला तेव्हा रिंगची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली होती. जूनमधल्या पहिल्याच पावसानंतर काचेला आतून धुके धरले आणि दिवाळीपर्यंत तबकडीवर गंजाचे ठिपके उठले. आकडे आजही अर्धवटच वाचता येतात. पैसे गेले त्याचे एवढे वाटले नाही, पण ती तबकडी आता मूळ स्वरूपात कुठेही मिळत नाही.

पुढचा धडा मला जळगावच्या सराफ बाजारात मिळाला. खडे बसवणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे मी ती वाकडी रिंग सहज दाखवायला नेली. त्याने ती दिव्याखाली फिरवून पाहिली आणि म्हणाला, “घाई नका करू दादा, पितळ शे हाई, रुसनं ते फाटी जाई.” (हे पितळ आहे, रुसले तर फाटून जाईल.) या एका वाक्यात सारे धातुशास्त्र आले. पितळ वाकवले की त्या जागी कडक होते, पुन्हा वाकवले की आणखी कडक, आणि शेवटी तेथेच चिरते. सोनार अशा वेळी धातू तापवून पुन्हा मऊ करतो. मुलामा दिलेल्या रिंगला ज्योत लावली तर मुलामाच काळवंडतो, म्हणून तो मार्ग बंद. एका रिंगला आयुष्यात मोजकेच वाकणे सोसते, ते आपण जपून वापरायचे.

म्हणून मीटर मऊ टॉवेलवर पालथा ठेवावा. लहान पेचकसाची धार कानशीने मारून, कोपरे पॉलिश पेपरने गोल करून घ्यावेत. दुमडीखाली त्याचे टोक सरकवून मनगट किंचितच वळवावे, कड केसभर उठली की पुढच्या जागी जावे. पहिल्या फेरीत काहीच घडले नाही असे वाटते, आणि तसेच वाटायला हवे. तीन-चार फेऱ्यांत कड हळूहळू उभी होते. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, पूर्ण वर्तुळ उघडण्याची गरजच नसते. निम्म्याहून थोडी अधिक कड उभी झाली की डबी त्या बाजूने तिरकी करून बाहेर निघते. उरलेली दुमड जशीच्या तशी राहते, आणि बंद करताना डबीचा ओठ आधी तिच्यातच सरकवायचा असतो.

आत गेल्यावर हात आवरता आला पाहिजे. तबकडीवरची अक्षरे स्पिरिटने पुसली तर फडक्यावर उतरतात, तेव्हा कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी. काटा उपसू नये. तापमानाच्या मीटरला इंजिनापर्यंत जाणारी जी बारीक तांब्याची नळी असते, तिच्यात बहुधा ईथर असते. ती कापली की मीटर मेला, आणि ईथर पेट घेते ते वेगळेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील काही लष्करी मीटरांच्या आकड्यांना रेडियम या किरणोत्सारी धातूचा रंग असे, ते मात्र घरी उघडूच नयेत. रंग अंधारात चमकत नाही म्हणून तो निवला असे नव्हे. चमकणारा पदार्थ थकलेला असतो, रेडियम मात्र निम्मे व्हायलाच सुमारे १,६०० वर्षे घेते.

बंद करण्याचे काम उघडण्यापेक्षा कठीण, असा माझा अनुभव आहे. नवे पॅकिंग जुन्याच जाडीचे हवे, कारण जाड झाले तर कड पोहोचत नाही आणि पातळ झाले तर कच्च्या रस्त्यावर काच खडखडते. काच, पॅकिंग आणि डबी एकमेकांवर दाबून धरण्यासाठी मी बंद असलेल्या ड्रिल मशीनच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून तिचा प्रेससारखा उपयोग करतो. मग सोनार कोंदण दाबतो त्याच क्रमाने घड्याळातील बारा, सहा, तीन आणि नऊ या जागी कड अर्धीच दुमडावी, त्यानंतर मधल्या जागा घ्याव्यात. एकीकडून सुरू करून सरळ फिरत गेले तर रिंग दुसरीकडे सरकते आणि काच टिचते. माझी पहिली काच अशीच गेली. शेवटची फेरी गुळगुळीत ओपणीने, म्हणजे सोनार धातू घासून चकचकीत करतो त्या हत्याराने, द्यावी. ती नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते, हातोडी कदापि चालत नाही. हे काम पावसाळ्यात करू नये, नाहीतर आत कोंडलेली दमट हवाच पुढे काचेवर धुके आणते. आपल्याकडे एप्रिल-मे कोरडा असतो, फक्त पहाटे, वारा सुटून शेतातली धूळ उडण्याआधी बसावे.

स्पीडोमीटर उघडणाऱ्याने जुने किलोमीटर कागदावर लिहून, तारीख घालून, कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा, कारण हीच रिंग उघडून आकडे मागे फिरवण्याचा धंदाही चालतो. जुनी गाडी घेणाऱ्याने रिंगची मागची कड बोटाने चाचपावी. ताज्या खरवडी लागल्या तर विचारणा करावी.

मूळ मीटर जपण्याला आता कायद्याचेही कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते, परंतु गाडी मूळ स्वरूपात ठेवलेली असावी लागते. अशा गाडीत बाजारातला चकचकीत नवा मीटर बसवा, असे सुचवणे मला तरी पटत नाही.

ज्यांना प्रयत्न करायचा असेल त्यांनी आधी भंगारातून वजनावर एखादा मेलेला मीटर आणून त्याच्यावर हात बसवावा. त्या कारागिराने माझी वाकडी रिंग दोन बैठकांत बरीचशी सरळ करून दिली. पेचकसाचे दोन व्रण तेवढे राहिले होते, ते मी रिंग बसवताना फिरवून खालच्या बाजूला नेले आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)