शिक्षकांची मैफल आणि चिऊचा पियानो

पुणे, सोमवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

पेटीसारखे वाद्य घरात असताना चिऊला पियानो कशासाठी शिकवता आणि त्या पाश्चात्त्य संगीतात गाणे असते तरी कुठे, असे बाबांनी मागच्या आठवड्यात फोनवर विचारले, तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. शनिवारी तिच्या संगीतशाळेतल्या शिक्षकांनीच गाण्यांचा आणि पियानोवादनाचा कार्यक्रम केला. तो ऐकल्यावर बाबांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे असे वाटले, म्हणून हे पत्र.

कार्यक्रम कॅम्पातल्या एका जुन्या शाळेच्या सभागृहात होता. आपल्याकडे गुरुपौर्णिमेला आधी शिष्य गातात आणि गुरू शेवटी बसतात. येथे मात्र सगळे विद्यार्थी श्रोत्यांत होते आणि परीक्षा केवळ शिक्षकांची होती, त्यामुळे मुलांचे चेहरे भलतेच खुशीत होते. आम्ही लवकर पोहोचलो तेव्हा पियानो लावणारे गृहस्थ अजून कामातच होते. पावसाळी हवेत तारांखालची मोठी लाकडी फळी फुगते आणि लावलेले सूर हलतात, हे मला तेव्हाच कळले. बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्यांतल्या दोन ते फेल्टच्या पट्टीने गप्प करीत, उरलेली एक लावीत आणि मग बाकीच्या दोघी एकेक करून तिच्याशी जुळवीत. दोन तारा किंचित बेसूर असल्या की ऐकू येणारी लाट थांबेपर्यंत किल्लीवरचा हात केसभर सरकवीत राहत. बाबा, तुम्ही सतारमेकरांच्या दुकानात तासन् तास बसून राहता, तसे तुम्ही या माणसाजवळही बसला असता, आणि आईला दोनदा फोन करून तुम्हाला जेवायला बोलवावे लागले असते.

पहिले गाणे ऑस्ट्रियन संगीतकार फ्रान्झ शूबर्टचे होते. जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातली ग्रेटशेन नावाची मुलगी चरख्यावर सूत काततकातत प्रियकराची आठवण काढते, एवढाच प्रसंग. हे गाणे १८१४ सालचे आहे आणि ते रचले तेव्हा शूबर्टचे वय सतरा वर्षांचे होते. गाणाऱ्या बाई तोंड उघडण्याआधीच पियानोवर चाक फिरू लागते: उजव्या हाताची बोटे एकाच वळणाने गरगरत राहतात आणि डावा हात चरख्याच्या पायपट्टीचा ठेका धरतो. ‘माझी शांती गेली, माझे मन जड झाले’ अशा अर्थाच्या ओळी पुन्हा पुन्हा येतात, आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले माझे जर्मन इतक्या वर्षांनी प्रथमच उपयोगी पडले. मुलीला त्याची चाल आठवते, त्याचे हसू आठवते, त्याच्या हाताचा स्पर्श आठवतो. सूर चढत जातात आणि त्याच्या चुंबनाच्या आठवणीशी ती पोहोचते तेव्हा चाक एकदम थांबते. बाई वरच्या सुरावर एकट्या उभ्या राहिल्या. मग पियानोने चाक फिरवून पाहिले, ते थांबले. पुन्हा फिरवले, पुन्हा अडखळले. आणि त्यानंतर कुठे गती धरली. सभागृहात ध्वनिक्षेपक नव्हता आणि कुणी खोकलेसुद्धा नाही. माझ्या मागे बसलेल्या एका आजींनी मात्र न राहवून ‘वा!’ म्हटले. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिले, कारण तिकडच्या रिवाजात मध्येच दाद द्यायची नसते. मला त्या आजींचेच बरोबर वाटले.

बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला या चाकात सापडले. पेटीची साथ कशी असावी हे तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आला आहात: गायकाच्या मागे सावध राहावे, त्याने जागा सोडली की ती भरावी, आणि त्याच्या पुढे कधी जाऊ नये. आईचे गाणे तुम्ही याच शिस्तीने सांभाळले आणि मला ती शिस्त आजही थोर वाटते. पण या गाण्यांमध्ये पियानो मागून येत नाही. मुलीला जे सांगता येत नाही ते तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि ती थांबली तरी त्याचे बोलणे चालू राहते. जर्मन संगीतकार शुमानच्या गाण्यांत तर हे फारच ठळकपणे दिसले. १८४० या एका वर्षात त्याने शंभराहून अधिक गाणी रचली. क्लारा ही नामांकित पियानोवादक त्याची वाग्दत्त वधू होती. तिच्या वडिलांचा विरोध इतका कडवा होता, की प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अखेर त्यांचे लग्न झाले. त्या वर्षी जर्मन कवी हाइनेच्या कवितांवर त्याने सोळा गाण्यांची एक माळ बांधली. ती गायनाच्या सरांनी पूर्ण गायली. शेवटच्या गाण्यात कवी आपले प्रेम आणि दुःख एका प्रचंड शवपेटीत घालून समुद्रात बुडवतो आणि गायक गप्प होतो. पण कार्यक्रम तेथे संपत नाही, कारण आधीच्या एका गाण्याच्या अखेरीस येऊन गेलेली हळुवार चाल पियानो पुन्हा हाती घेतो आणि कितीतरी वेळ एकटाच वाजत राहतो. सर तेवढा वेळ हात खाली सोडून नुसते ऐकत उभे होते. मुख्य गायक साथीदाराचे ऐकत उभा आहे, असे दृश्य मी आपल्या मैफलीत क्वचितच पाहिले आहे.

उत्तरार्धात चिऊच्या बाईंनी एकल पियानो वाजवला. व्हर्लेन या फ्रेंच कवीच्या चांदण्यावरील कवितेचे नाव घेतलेली फ्रेंच संगीतकार दब्युसीची प्रसिद्ध रचना, जी १९०५ मध्ये छापली गेली, ती आधी झाली. आणि पाठोपाठ त्याच कवितेला फोरे या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराने १८८७ मध्ये दिलेली चाल गायिली गेली. ही जोडी लावणाऱ्याचे मला कौतुक वाटले. फोरेच्या गाण्यात पियानो आपले एक संपूर्ण नृत्य वाजवून घेतो आणि गायिका मध्येच, बोलणे आधीपासून चालू असल्यासारखी, त्यात शिरते.

आता पियानोबद्दलच्या तुमच्या नेहमीच्या शंकांकडे येते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, पियानोवर नाही, आणि पेटीवरही नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पेटीचा सूर भाता चालेल तोवर टिकतो. पियानोचा सूर मात्र हातोडी तारेवर पडताक्षणी ओसरू लागतो, आणि पायातल्या पट्टीने तो लांबवता आला तरी वाढवता येत नाही. चिऊच्या बाई त्या ओसरणाऱ्या सुरांतून अखंड ओळ कशी ओढतात, हे ऐकण्यासारखे आहे. सारे सूर आधीच लिहिलेले असतात, उपज, म्हणजे ऐन वेळी सुचलेले काही, नाही, हेही खरे, आणि मला त्याची उणीव भासली. परंतु बाईंनी एकच ओळ तिसऱ्यांदा आली तेव्हा थोडी रेंगाळवली, आणि ते कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते. सप्तकाची बारा सुरांत सारखी वाटणी केल्याने सुरांमधले बारकावे हरवतात हा आक्षेप राहिला, तर त्याच आक्षेपामुळे आकाशवाणीने १९४० पासून कित्येक वर्षे पेटीला दार बंद केले होते आणि तुम्ही त्याचा राग अजून काढता. तेव्हा पियानोला तो दोष तुम्ही तरी लावू नये. सगळेच सुंदर झाले असेही नाही. सरांचा वरचा सूर दोनदा ओरडल्यासारखा लागला, आणि वाटलेल्या कागदावरील भाषांतरे इतकी निर्जीव होती, की ती न वाचणेच बरे.

चिऊ रविवारी सकाळी उठून थेट पियानोपाशी गेली आणि चरख्याचे ते वळण उजव्या हाताने शोधू लागली. ते तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण तिला कुणीतरी गात असताना वाजवायचे आहे, आणि तिच्या मनात असलेली गायिका म्हणजे आई, तू. दिवाळीत तुम्ही दोघे इकडे याल तेव्हा तू एक अभंग म्हणावास आणि तिने त्यात स्वतःची ओळ वाजवावी, असा तिचा बेत आहे. पेटीवर बाबा बसतील. दोघांनी जागा वाटून घ्याव्यात. तिकडची गाणी उंच आणि खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापलेली मिळतात, पण तुझ्या अभंगाची तशी सोय नाही आणि चिऊला सगळे आधी लिहून काढावे लागते. तेव्हा तू अजून काळी पाचमध्येच गातेस की आता काळी चारवर उतरली आहेस, ते मला कळव, आणि उगाच जुनी पट्टी सांगू नकोस. गुडघ्याचा पट्टा येताना आठवणीने घेऊन यावा.

तुमची,
धाकटी