प्लास्टिकच्या टाकीतला पंप आणि हरवलेली हिरवी वायर

महोदय,

तलावांतला साठा उतरू लागला, पालिकेने कपात लावली की चाळींच्या पॅसेजमध्ये आणि बैठ्या घरांच्या मोरीशेजारी हजार लिटरच्या प्लास्टिकच्या टाक्या येऊन बसतात. पालिकेच्या नळाला थेट मोटर लावणे बेकायदा, म्हणून नळ आधी टाकीत सोडायचा आणि तिथून सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या पंपाने पाणी वर चढवायचे. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते हे, की पाइप जोडणारा प्लंबरच पिन जवळच्या सॉकेटमध्ये खोचून मोकळा होतो. वायरमनला कुणी बोलावतच नाही.

विहिरीत किंवा बोअरमध्ये वाइंडिंगचे, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचे इन्सुलेशन गेले तर करंटला पाण्यातून जमिनीत उतरायला वाट असते. प्लास्टिकच्या टाकीत ती नसते. टाकी प्लास्टिकची, पाइपही प्लास्टिकचाच (सीपीव्हीसी), त्यामुळे पाणी जमिनीपासून पूर्ण तुटलेले. लीकेज झाले तरी करंट कुठे जाणार? पंप बिनतक्रार चालत राहतो, करंट गळताच वीज तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, त्यालाही पत्ता लागत नाही. मग ओल्या लादीवर अनवाणी उभे राहून कुणी टाकीत स्टीलचा तांब्या बुडवला की करंटला वाट सापडते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो तेव्हा पडतो, म्हणजे झटका बसल्यावर. करंट फार वाढला तरच वीज तोडणाऱ्या नुसत्या एमसीबीवर भिस्त असेल तर तो पडतही नाही, कारण माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या हिशेबात फारच थोडा.

म्हणून पंपाच्या बॉडीला अर्थिंगची वेगळी वायर हवीच, म्हणजे गळणाऱ्या करंटला तिथून वाट मिळते आणि कुणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. ज्या सिंगल फेज पंपाचा कपॅसिटर बाहेर स्टार्टरच्या डब्यात असतो, त्याच्या चपट्या केबलमध्ये लाल, पिवळी, निळी अशा तीन वायरी असतात. तीन दिसल्या म्हणजे अर्थिंग आले, हा समज फार पसरलेला आहे. त्या तिन्ही मोटरच्याच: स्टार्ट, रन आणि कॉमन. हिरवी चौथी असते, आणि नसेल तर तांब्याची वायर लग (टोकाला बसवायची धातूची कडी) लावून बॉडीच्या बोल्टला घट्ट कसावी लागते. दुसरे टोक खऱ्या अर्थिंगला गेले पाहिजे. जुन्या चाळींत सॉकेटचे वरचे मोठे भोक बरेचदा रिकामेच असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे आतल्या आत न्यूट्रलला जोडलेले असते. तसे असताना मागे कुठे न्यूट्रल तुटला तर चांगल्या पंपाच्या बॉडीवरही करंट येतो. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असेही नाही. ते बटण अर्थिंगशिवायही काम करते.

आता पंपाविषयी. बोअरचा लांब उभा पंप टाकीत आडवा टाकू नये. बोअरच्या अरुंद पाइपात पाणी मोटरला घासून वर जाते आणि तिला थंड ठेवते. रुंद टाकीत ते सरळ पंपाच्या तोंडाच्या जाळीत शिरते, मोटरजवळचे पाणी हलतच नाही आणि मोटर तापते. टाकीसाठी ओपनवेल प्रकारचा, म्हणजे उघड्या विहिरीसाठी बनवलेला आडवा पंप घ्यावा, तोही पाणी भरलेल्या मोटरचा. तेलाच्या मोटरचे सील गेले की तेल पिण्याच्या पाण्यात येते. तीन मजल्यांपर्यंत अर्धा एचपी बहुधा पुरतो. एक एचपी घेतला म्हणजे जास्त चांगले, हा हिशेब चुकीचा आहे. नेमप्लेटवर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, किमान किती, कमाल किती ते लिहिलेले असते. किमान हेडपेक्षा कमी उंचीवर, समजा घरातल्याच लॉफ्टवर, पाणी चढवले तर पंप वाजवीपेक्षा जास्त पाणी फेकतो आणि मोटर ओव्हरलोड होते.

पंप सोडण्याआधी मोटरवरचा प्लग उघडून आत स्वच्छ पाणी काठोकाठ भरावे. पंप हळूहळू कलता करावा. बुडबुडे येतात, पाणी खाली जाते, पुन्हा भरावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचे. दहा मिनिटांचे काम आहे, पण बहुतेकदा गाळले जाते. आतली बेअरिंगे पाण्यावरच फिरतात, त्यामुळे हवा राहिली की ती जळतात.

टाकीच्या तळावर पंप थेट ठेवू नये, खाली जाड रबराचा तुकडा घालावा. टाकीचा तळही सपाट, सलग ओट्यावर हवा. भरलेली टाकी टनाहून जड असते आणि चार विटांवर ठेवली तर तळ तडकतो. पंप उतरवताना आणि काढताना नायलॉनची दोरी वापरावी, केबल धरून ओढू नये. डिलिव्हरी पाइपसाठी टाकीला खाली भोक पाडण्याची गरज नाही. पाण्याच्या पातळीच्या वर टँक निपल (टाकीच्या भिंतीतून पाइप काढायचा जोड) बसवावे, पंप ते निपल लवचिक होज घ्यावा, म्हणजे पंपाची थरथर प्लास्टिकवर येत नाही. निपलबाहेर युनियन, म्हणजे फिरवून सुटणारा जोड, ठेवला तर पुढे पंप काढताना पाइप कापावा लागत नाही. केबलला पाण्यात जोड नको.

पंप नेहमी बुडालेला हवा, म्हणून पाणी खाली गेले की पंप बंद करणारा, तरंगणारा फ्लोट स्विच लागतोच. हजार लिटरच्या टाकीत दर दहा सेंटिमीटरला नव्वदएक लिटर पाणी मावते. पाणी पंचवीस सेंटिमीटरवर आले की पंप बंद होईल असा फ्लोट बांधला तर दोनशेवर लिटर पाणी तळाशी राहणारच. टाकी घेताना हे धरून चालावे. फ्लोट खाली बांधून तेही उपसायला गेलात तर नवीन मोटर घ्यावी लागेल.

शेवटी झाकण. केबल आणि दोरी झाकणाखालून काढली की ते बोटभर उचललेले राहते. मलेरिया पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. केबल टाकीच्या गळ्याजवळ भोक पाडून ग्लँडमधून, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून काढावी, दोरी आतल्या बाजूलाच बांधावी आणि झाकण फिरवून पूर्ण बसते का ते पाहावे. टाकीत हात घालायचा असेल तेव्हा नुसते बटण बंद करू नये, पिन सॉकेटमधून बाहेर काढावी. कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे बाहेरून दिसत नाही.

– पंप आणि वायरिंगचे काम करणारा एक वाचक, लालबाग, मुंबई