प्रकल्पाच्या क्षमतेसोबत ब्लोअरचे युनिटही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आळंदीला इंद्रायणीवर पुन्हा फेस आल्याचे छायाचित्र आपल्या अंकात पाहिले. वारकरी ज्या घाटावर स्नानाला उतरतात तिथे पांढरे थर तरंगताना बघून जीव तुटतो. पण त्याखालची बातमी वाचून जास्त अस्वस्थ झालो. शहरातून रोज इतके दशलक्ष लिटर सांडपाणी निघते, इतक्या क्षमतेचे प्रकल्प आहेत, आणखी इतक्यांची निविदा निघणार आहे, एवढ्यावर ती संपते. वर्षानुवर्षे हेच आकडे छापून येत आहेत. प्रकल्प उभा आहे म्हणजे पाणी शुद्ध होते असे आपण धरूनच चाललो आहोत. कागदावर क्षमता पुरेपूर असलेला प्रकल्पही नदीत काळे पाणी सोडू शकतो. म्हणून विनंती आहे की आपल्या बातमीदारांनी यापुढे आणखी एक आकडा मागावा: त्या प्रकल्पाच्या ब्लोअरनी, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांनी, गेल्या महिन्यात किती युनिट वीज घेतली?

मी भोसरीत प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवण्याच्या, धंद्यात उमर घालवली आणि आता आमच्या सोसायटीच्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर) देखरेख करतो. दोन्हीकडचे पाणी जवळून पाहिले आहे, म्हणून हे लिहितो.

सांडपाणी शुद्ध करतात ते जिवाणू, आणि त्यांना लागते हवा. ही पद्धत मँचेस्टरजवळच्या डेव्हीह्यूम इथल्या केंद्रात ॲर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी बसवली आणि ३ एप्रिल १९१४ रोजी तिथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मांडली. बाटल्यांमध्ये सांडपाणी घ्यायचे, शेवाळ धरू नये म्हणून बाहेरून तपकिरी कागद गुंडाळायचा आणि आत हवा सोडत राहायची, असा तो प्रयोग. पहिल्या खेपेला पाणी पुरते साफ व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. त्यांची खरी हुशारी पुढे आहे. तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. वरचे नितळ पाणी काढून घेतले आणि त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतले. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि शेवटी तेच काम एका दिवसात होऊ लागले. गाळातच जिवाणू वाढत होते. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशात येऊन शंभर वर्षे झाली. आजही आपल्याकडचे बहुतेक मोठे प्रकल्प याच तत्त्वाच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात.

त्यानंतरचे बरेचसे शोध एकाच प्रश्नाभोवती फिरले: हीच हवा कमी विजेत पाण्यात कशी मुरवायची? ऑक्सिजन पाण्यात सहज विरघळत नाही. तीस अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो आणि जिवाणूंसाठी त्यातला निदान दोन मिलिग्रॅम सतत शिल्लक ठेवावा लागतो. चार मीटर खोल टाकीत तळाशी सोडलेला बुडबुडा पंधरा-वीस सेकंदांत वर येऊन फुटतो. देवाणघेवाण व्हायची ती तेवढ्यात. बुडबुड्याचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच हवेला पाण्याशी भिडायला दुप्पट पृष्ठभाग मिळतो, शिवाय बारीक बुडबुडा सावकाश वर येतो. म्हणून भोकाचे पाइप जाऊन हवेचे बारीक बुडबुडे करणारे रबरी पडद्याचे डिफ्युझर आले. पडद्यावर बारीक चिरा असतात. हवेचा दाब आला की त्या उघडतात, दाब गेला की मिटतात. साधे दिसते, पण फार उपकाराचे यंत्र आहे. फक्त हा पडदा काही वर्षांत कडक होतो, चिरा बुजतात आणि तो बदलावा लागतो. किती ठिकाणी वेळेवर बदलला जातो?

वीज या सगळ्याचा कळीचा मुद्दा आहे. अशा प्रकल्पाच्या एकूण विजेपैकी साधारण निम्मी किंवा त्याहूनही जास्त एकट्या हवेवर खर्च होते. साहजिकच काटकसरीची पहिली कुऱ्हाड ब्लोअरवर पडते. अनेक सोसायट्यांत रात्री अकराला ब्लोअर बंद होतो आणि सकाळी तपासणीची चाहूल लागली तरच वेळेवर सुरू होतो. आवाजाची तक्रार हे कारण सांगतात, पण खरे कारण बिल. परिणाम बघायला प्रयोगशाळा लागत नाही. टाकीतले पाणी लिटरभराच्या मोजपात्रात घ्यावे आणि अर्धा तास हलवू नये. हवा नीट मिळालेला गाळ चॉकलेटी असतो, त्याला पावसाळी मातीसारखा वास येतो, तो खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहते. हवेविना कोंडलेला गाळ काळपट होतो, सडक्या अंड्यासारखी घाण मारतो, आणि बरेचदा बसलेला गाळ गोळ्यांनी परत वर येतो. नाल्यातून नदीकडे जाते ते हेच पाणी. सोसायटीच्या प्रत्येक सभासदाने महिन्यातून एकदा खाली उतरून हे मोजपात्र पाहावे. लिफ्टच्या देखभालीवर तासभर चर्चा होते, तेवढी यावरही व्हावी.

आता माझ्या धंद्याबद्दल. प्लेटिंगने या कामाला मदतही केली आहे आणि घातही. मदत अशी. मोठ्या प्रकल्पांत आता टर्बो ब्लोअर बसवतात. त्यांचा शाफ्ट (फिरणारा दांडा) मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेतो आणि अनेकांत त्याला तेलाचे बेअरिंगच नसते. पातळ पत्र्याच्या बेअरिंगमध्ये, स्वतःच्याच वेगाने तयार झालेल्या हवेच्या थरावर तो तरंगत फिरतो. शाफ्ट पत्र्याला घासतो तो फक्त सुरू होताना आणि थांबताना. तेवढ्यासाठी तिथे कमी घर्षणाचा लेप देतात, बरेचदा टेफ्लॉनच्या जातीचा. म्हणजे असला ब्लोअर रोज चार वेळा बंद-चालू करणारा माणूस वीज वाचवतो आणि लेप झिजवतो. वेग कमी-जास्त करायची सोय त्यात असते. ती वापरावी.

असाच दुसरा लेप निकेल-टेफ्लॉनचा. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९४६ मध्ये अमेरिकेत ब्रेनर आणि ग्रेस रिडेल हे दोघे विजेने निकेल चढवण्याचे प्रयोग करत होते. नको ते ऑक्सिडेशन टाळायला त्यांनी बाथमध्ये (मुलामा चढवायच्या द्रावणाच्या टाकीत) हायपोफॉस्फाइट हे रसायन घातले, तर हिशेबाने जेवढे बसायला हवे त्याहून जास्त निकेल बसले. जास्तीचे निकेल वीज न लागता बसत होते. तिथून विजेविना निकेल चढवण्याची पद्धत निघाली. आडव्यातिडव्या जॉबच्या (मुलामा द्यायच्या वस्तूच्या) कानाकोपऱ्यातही ती सारख्या जाडीचा थर देते. त्याच थरात टेफ्लॉनचे बारीक कण बसवले की जॉब वंगणाविना सरकतो. व्हॉल्व्ह आणि साचे यांना हा थर वरदान ठरला.

घात मात्र पाण्यातून होतो. जॉब बाथमधून काढून धुतला की त्या पाण्यात निकेल आणि क्रोम येतात. त्यातला हेक्साव्हॅलंट क्रोम हा प्रकार माणसाला कर्करोगकारक आहे. ते किंवा निकेल जास्त प्रमाणात ड्रेनेजमध्ये गेले तर शहराच्या एसटीपीतले जिवाणूच मार खातात, विशेषतः अमोनियाचे नायट्रेट करणारे नाजूक जिवाणू. ते मेले की पुन्हा वाढायला आठवडे लागतात. तोवर ब्लोअर कितीही फिरवा, अमोनिया तसाच नदीत जातो.

हे टाळणे अवघड नाही. आम्लात सोडियम मेटाबायसल्फाइट घातले की पिवळे क्रोमचे पाणी हिरवे होते, मग चुना टाकून क्रोम तळाशी बसवता येते. कुठल्याही लहान शॉपला जमणारी गोष्ट आहे. विजेविना निकेलचे धुवण जास्त हट्टी असते, कारण त्यातली रसायने निकेलला धरून ठेवतात आणि नुसत्या चुन्याने ते सुटत नाही. ते वेगळेच साठवून प्रक्रियेला द्यावे लागते. मुळात जिग (जॉब टांगायची चौकट) टाकीवर थोडा वेळ निथळू दिला आणि धुण्याच्या टाक्या उलट्या क्रमाने जोडल्या, म्हणजे ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून तिच्या आधीच्या टाकीकडे वळवले, तर पाणीही वाचते आणि महागडे निकेलही. आणखी एक सांगायला हवे. क्रोमच्या बाथवरची वाफ दाबायला पूर्वी सर्रास वापरलेली फ्लुओरिनची रसायने एसटीपीत कितीही हवा सोडली तरी तुटत नाहीत. त्यातल्या पीएफओएस या रसायनावर २००९ पासून स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. अशी रसायने शॉपबाहेर पडूच न देणे हाच उपाय आहे.

म्हणून पुन्हा त्याच आकड्याकडे येतो. पंधरा किलोवॅटचा ब्लोअर पूर्ण भारावर चोवीस तास चालला तर दिवसाला ३६० युनिट होतात. मोटर कायम पूर्ण भारावर नसते हे धरले, वेग कमी-जास्त करणारी यंत्रणा बसवली असली, तरी तिचा हिशेब मांडता येतो. पण महिन्याच्या बिलात दिवसाचे युनिट त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच निघाले आणि वेगनियंत्रण नाही, असे असेल तर ब्लोअर आठच तास चालला हे शाळेतल्या मुलालाही काढता येईल. यासाठी ना नवा प्रकल्प लागतो ना नवी निविदा. ब्लोअरला वेगळा मीटर लावावा आणि त्याचे वाचन पाण्यातल्या ऑक्सिजनच्या नोंदीसोबत पालिकेने दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावे. सोसायट्यांनी ते सूचनाफलकावर लावावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लेटिंग शॉपच्या ड्रेनेजच्या तोंडाशीच नमुने घ्यावेत, नदीत आल्यावर नव्हे.

कार्तिकी एकादशीच्या आधी आपण ही आकडेवारी मागून छापलीत तर आळंदीचा प्रत्येक वारकरी आपले आभार मानेल. सोसायट्यांमधले मीटर वाचायला आणि मोजपात्राची चाचणी शिकवायला मी स्वतः यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक (निवृत्त प्लेटिंग पर्यवेक्षक),
भोसरी, पुणे