बाटली लिटरची, इंजिन ८०० मिलीचं

मा. संपादक,
स. न.

पहाटे ४ वाजता दुधाचे कॅन गाडीला अडकवायचे, शिवाजी पूल ओलांडून कोल्हापुरात यायचं आणि साठेक घरांचा रतीब घालून ९ पर्यंत गावी परतायचं, असा माझा गेल्या ११ वर्षांचा धंदा आहे. गाडी १०० सीसीची, कार्बोरेटरवाली, जुनी. तिच्यावर घर चालतं म्हणून तिच्या दुखण्याबद्दल लिहितोय. आणि हे दुखणं एकट्या माझ्या गाडीचं नाही. आमच्याच गावात तीन-चार गाड्यांना मी ते पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यात ॲव्हरेज ६० वरून ४८ वर आलं. कॅन भरलेले असले की चढाला गाडी रडायची. प्लग काढला तर काजळीनं काळाभोर. मेस्त्रींनी साईड पॅनेल काढून एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत तेलाचं थारोळं आणि फिल्टरचा कागद भिजून चिकट झालेला. फिल्टर नवा टाकला. ऑइल बदललं. दीड महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मेस्त्री म्हणाले, "पिस्टनच्या रिंगा गेल्या तुमच्या. बोअर-पिस्टन करायला लागणार. ७ हजार धरून चला." परत नवं ऑइल भरून घेतलं, दिवाळीनंतर बघू म्हणालो आणि तोंड पाडून घरी आलो.

आमच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "ऑइल किती घातलंस?"

"एक बाटली."

"बाटली केवढी?"

"लिटरची."

"आणि गाडीला लागतं किती?"

मला सांगता येईना. गाडीबरोबर आलेलं पुस्तक ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडलं होतं. त्यात माझ्या गाडीला ऑइल बदलताना ८०० मिली लागतं असं छापलेलं. मग काकांनी गाडी अंगणातल्या फरशीवर डबल स्टँडला लावली, पाच मिनिटं चालू ठेवली, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबले आणि मग तेलाची पातळी बघायची दांडी पुसून तपासली. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. खालचा नट सैल करून जास्तीचं काढलं, ते मी माझ्याच एका जुन्या मापात धरलं. पाव लिटरचं माप, अर्ध्याच्या वर भरलं. रोज गिऱ्हाइकासमोर माप काठोकाठ भरून दाखवणारा मी, स्वतःच्या इंजिनात मात्र आजवर डोळे झाकून ओतत होतो.

काकांनी मला समजावलं ते असं. पेट्रोल जळताना थोडा वायू रिंगांच्या कडेनं निसटून खाली इंजिनाच्या पोटात येतोच, नव्या गाडीतही. तिथे दाब साठला तर सील फुटतील, म्हणून त्याला बाहेर यायला एक नळी असते, ब्रीदर. पूर्वी ती हवेत सोडलेली असायची. आता प्रदूषण नको म्हणून ती एअर फिल्टरच्या डब्याला जोडतात, म्हणजे तो वायू परत इंजिनात जाऊन जळतो. पोटात तेल जास्त झालं की फिरत्या क्रँकनं ते घुसळतं आणि त्याचा फवारा वायूबरोबर नळीतून डब्यात येतो. चिखलात गाडी आडवी झाली तरी तेल त्याच वाटेनं जातं. मी श्रावणात एकदा आपटलो होतो, त्याचाही त्यात हात असणार. डब्याच्या तळाच्या नळीत कॉफीसारखा गढूळ फेस साचला होता, तो वेगळा: दर दहा पावलांवर थांबत जायचं म्हटल्यावर इंजिन नीट तापत नाही, मग आतलं दव तेलात मिसळतं. ती नळी पावसाळ्यात अधूनमधून काढून रिकामी करावी लागते, हेही मला ११ वर्षांत कळलं नव्हतं.

रिंगा खरंच गेल्यात का, हेही त्यांनी पाहिलं. ब्रीदरची नळी डब्यापासून सोडवून गाडी चालू केली. हलका श्वास यावा तसा वारा येत होता. चुलीसारखा धूर सुटला असता तर मेस्त्रींचं खरं मानलं असतं, असं म्हणाले. सायलेन्सरमधून निळा धूर नाही, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये तेल कमी होत नाही. मग रिंगा कशावरून गेल्या?

डबा पुसून कोरडा केला, नळी धुतली, नवा फिल्टर बसवला. तो हाताला थोडा तेलकट लागला म्हणून मी दचकलो. बऱ्याच गाड्यांचा कागदी फिल्टर कंपनीतूनच तेल लावून येतो, धूळ धरून ठेवायला. असा फिल्टर पेट्रोलनं धुवायचा नसतो, हवाही मारायची नसते. खराब झाला की बदलायचा. (फोमचा असेल तर गोष्ट निराळी, तो धुता येतो.) मधल्या काळात "फिल्टर काढूनच चालव", "ब्रीदरला बूच मार" असले सल्लेही मिळाले होते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागून बिनफिल्टरची गाडी हाकली की रिंगा खरोखरच जातील.

तेव्हापासून गाडी ३ हजार किलोमीटर चालली. डबा कोरडा आहे. ॲव्हरेज ५८.

मेस्त्रींवर खापर फोडायचं नाही. ते सकाळपासून रात्रीपर्यंत वाकून काम करतात आणि एकामागून एक गाड्या रांगेत असतात. गाडी साईड स्टँडला कललेली असतानाच दांडी बघितली की माझ्यासारख्या गाडीत, जिथे दांडी उजवीकडे असते, तेल आहे त्याहून कमी दिसतं. मग "अजून घाला थोडं" होतं. शिवाय खरी गोम माझ्यातच आहे. मेस्त्रींनी एकदा बाटलीत उरलेलं दाखवून "एवढं ठेवू का?" असं विचारलं होतं, आणि मीच म्हणालो होतो, "पैसे दिल्यात, ओता सगळं." तळाचा थेंबसुद्धा झटकून घेतला होता.

तरी एक मागणं आहे. गॅरेजच्या बिलावर "ऑइल १ नग" असं असतं. तिथे किती मिली घातलं ते लिहावं, आणि ज्याच्या त्याच्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे मोजून घालावं. बाटलीच्या कडेला मापाच्या रेघा असतातच, नवीन काही आणायचं नाही. दांडी आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक बदलतं, तेही पुस्तकात असतं.

माझी उरलेली बाटली आता बूच घट्ट लावून मेस्त्रींच्या फळीवर असते, वर खडूनं गाडीचा नंबर. दर वेळी २०० मिली उरतं, म्हणजे पाचव्या वेळचं ऑइल फुकट. पहिल्यांदा हिशेब सांगितला तेव्हा ते हसले. परवा गेलो तर फळीवर आणखी सहा बाटल्या होत्या.

आपला,
एक रतीबवाला, ता. करवीर, जि. कोल्हापूर