मागची खोली तुम्हाला देत नाहीये, त्याचं कारण

ती. आई-बाबांना,

सा. न. वि. वि. तुम्ही आमच्याकडे सहा महिने राहायला येताय, त्याआधी हे सगळं फोनवर सांगणार होते, पण फोनवर आई तू निम्म्यात रडायला लागतेस आणि बाबांना अर्धं ऐकू येत नाही, मग तू त्यांना ओरडून सांगतेस आणि शेजारच्यांना सगळं कळतं. म्हणून लिहितेय. नीट बसून वाच, आणि बाबांना वाचून दाखवताना मधलं गाळू नकोस, मला माहितीये तू गाळतेस.

आधी माझं खोटं कबूल करते. मागच्या दाराची कडी ढिली झालीय, सुतार बोलावलाय असं मी सांगितलं होतं ना, ती ढिली नव्हती झाली. रात्री अडीचच्या सुमाराला कोणीतरी पहार घालून चौकट उचकटत होतं. तुमचा जावई टूरवर, घरात मी आणि छोट्या. मी जिन्यात छोट्याची बॅट घेऊन उभी होते आणि दुसऱ्या हातात फोन. जिन्यातला दिवा लावला तसा तो पळाला, काही गेलं नाही, कुणाला काही लागलं नाही, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. पण पोलिस यायला बावीस मिनिटं लागली. फोनवर कॉलची वेळ सरकत होती ती मी बघत होते, म्हणून पक्कं माहितीये. तेव्हा सांगितलं नाही कारण बाबांची अँजिओप्लास्टी होऊन महिना पण झाला नव्हता. राग काढायचा असेल तर माझ्यावर काढा, जावयाला काही बोलू नका, तो बिचारा अजून स्वतःलाच दोष देतोय.

तर, आम्ही घरात पिस्तूल घेतलंय. लिहून टाकलं एकदाचं.

लगेच पत्र खाली ठेवू नकोस आई. लॉक, कॅमेरे, दाराच्या चौकटीला लोखंडी पट्टी आणि लांब स्क्रू हे सगळं त्याच्या आधी केलंय. कागदपत्रं, परवानगी, ट्रेनिंग, सगळं रीतसर झालंय आणि आम्ही दोघंही दर महिन्याला नेमबाजीच्या रेंजवर जातो. मला ती वस्तू आवडत नाही हेही सांगून ठेवते. पहिल्या दिवशी हातात धरली तेव्हा तळहात इतके घामेजले की पुसायला रुमाल मागावा लागला.

दादाने अर्थातच भांडण केलं. त्याने मला १९९३ सालचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला अभ्यास पाठवला, ज्या घरात बंदूक असते तिथे घरातल्या माणसाचा खून व्हायचा धोका २.७ पट आढळला, आणि बहुतेक वेळा मारणारा घरातला नाहीतर ओळखीचाच. दादा म्हणाला, वाच आणि मग घे. मी वाचला. दोन रात्री झोपले नाही. आणि तरी घेतलं, पण त्या कागदामुळे माझ्या डोक्यातला प्रश्न बदलला. आधी मी विचार करत होते की चोराला कुठली बंदूक लागते. आता विचार करते की रात्री माझ्या घरात अंधारात कोण फिरत असतं.

आणि बाबा, तुम्ही येताय म्हटल्यावर त्याचं उत्तर तुम्हीच आहात.

रागावू नका. पण तुम्ही रात्री तीनदा उठता, आईची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही, भिंतीला हात लावत लावत जाता. हे मी लहानपणापासून बघतेय, तेव्हा मला त्या हाताच्या घासण्याचा आवाज आला की बरं वाटायचं, बाबा जागे आहेत म्हणजे झालं, असं वाटून मी परत झोपायचे. आता तर तुम्ही कानातलं मशीन काढून डबीत ठेवता. म्हणजे मी "कोण आहे?" म्हणून ओरडले तरी तुम्ही ओ देणार नाही. ट्रेनिंगला शिकवतात की आधी आवाज द्या, घरातलं माणूस असेल तर उत्तर देईल. मी सरांना म्हटलं, माझे वडील नाही देणार. ते जरा वेळ गप्पच बसले.

अण्णाकाकांच्या कपाळावरची ती खूण आठवते ना? दाराचा अडसर होता म्हणून खूण, तीन टाके आणि चाळीस वर्षं हशा. शेवटच्या गाडीने न सांगता आले आणि तुम्ही चोर समजून अडसर उगारलात तेव्हा त्यांनी पण "अरे मी आहे" म्हटलं होतं म्हणे, आणि बाबा तुम्ही म्हणता की ऐकूच आलं नाही, आणि तेव्हा तर तुमचे कान चांगले होते. भीतीने माणसाला ऐकू येत नाही. अडसर अर्ध्यात आवरता येतो, तुम्ही आवरलात म्हणून काका वाचले. गोळी नाही आवरता येत.

आता बाबांना मशीनमध्ये इंटरेस्ट असतो म्हणून त्यांच्यासाठी हा भाग, आई तू भरभर वाच.

सगळे सांगतात घरासाठी बाराबोर, म्हणजे छर्ऱ्यांची लांब बंदूक घ्या, आवाजानेच चोर पळतो आणि नेम धरायला लागत नाही, छर्रे खोलीभर पसरतात. हे चक्क खोटं आहे. रेंजवर सरांनी पाच मीटरवरून कागदावर मारून दाखवलं, खोलीच्या अंतराला छर्रे तळहाताएवढेच पसरतात, नेम धरावाच लागतो. एका काडतुसात आठ-नऊ मोठे छर्रे आणि प्रत्येक छर्ऱ्याची जबाबदारी आपली. शिवाय धक्का इतका की माझा खांदा आठवडाभर काळानिळा होता. आणि ती लांब नळी घेऊन आमच्या अरुंद बोळकांडीतून वळून दाखवा, समोरच्याला नळी धरायला आपणच पुढे केल्यासारखं होतं. रायफलचा विचार फार केला नाही. तिची हलकी, वेगवान गोळी भिंतीत लवकर फुटते, त्या मानाने बरी असं सांगणारे भेटले, पण बंद खोलीत तो आवाज नको वाटला. आवाज म्हणाल तर पिस्तुलाचाही १६० डेसिबलच्या आसपास जातो, १४० च्या पुढे कानाला तिथल्या तिथे इजा होऊ शकते.

मग रिव्हॉल्व्हर का नाही, हे तुम्ही विचाराल. साधं असतं, सहसा अडकत नाही, खरंय. पण चाप इतका जड की साडेचार-पाच किलोचा जोर एका बोटाने लावायचा, माझा नेम प्रत्येक वेळी खाली-डावीकडे जायचा. आणि गंमत म्हणजे दुकानात गेलं की बाईमाणूस बघून एकदम चिमुकलं पिस्तूल हातात देतात, लेडीज साइज म्हणून, गुलाबी मूठ वगैरे. ते सगळ्यात वाईट. लहान आणि हलकं पिस्तूल जास्त उसळतं, धक्का शोषायला त्याला वजनच नाही. शेवटी ९ एमएमचं मध्यम साइजचं घेतलं, रिकामं असताना सहाशे ग्रॅमच्या आसपास. बाबा, ही ९ एमएमची गोळी १९०२ सालची आहे, तुमच्या वडिलांपेक्षा म्हातारी! स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढायला मला आधी जमत नव्हती. मी नुसत्या बोटांनी ओढायचे. मग सरांनी सांगितलं, स्लाइड घट्ट धरून ठेव आणि मूठ पुढे ढकल, नळी समोरच, बोट चापाच्या बाहेर. जमलं की. तुम्ही मला पंक्चरच्या दुकानात नट सोडवायला शिकवलं होतं, जोर नाही, कोन, तसंच.

गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. सरावाच्या वेगळ्या, घरातल्या पोकळ टोकाच्या, त्या आत गेल्यावर फुलतात आणि त्यामुळे आरपार जाऊन मागच्याला लागायची शक्यता कमी होते. कमी होते, संपत नाही, आणि इथेच खोलीचा मुद्दा आला.

या घराच्या आतल्या भिंती विटांच्या नाहीत. लाकडी चौकट आणि दोन्ही बाजूंनी जिप्समचा बोर्ड, टिचकी मारली तर डब्यासारखा आवाज येतो. पिस्तुलाची चुकलेली गोळी अशा एक सोडून तीन-चार भिंती पार करते. मी कागदावर घराचा नकाशा काढला, आमच्या बेडरूमच्या दारातून सरळ रेघ ओढली. ती बोळकांडीतून जाऊन थेट मागच्या उजेडाच्या खोलीत गेली, जिथे तुमचा पलंग लावायचा ठरवला होता, बरोबर उशीपाशी. ती रेघ बघून मी नकाशा फाडला आणि पुन्हा काढला.

म्हणून आई, मागची खोली तुम्हाला नाही देत. मला माहितीये मी कबूल केलं होतं, सकाळचं ऊन, खिडकी, झाडं. त्याबद्दल खरंच वाईट वाटतंय. तुम्ही आमच्या खोलीला लागून डावीकडे राहणार, म्हणजे आपण पाचही जण एकाच बाजूला, मधे अंधाराची बोळकांडी नाही. खोली लहान आहे पण बाथरूम चार पावलांवर, तिथे हँडल लावून घेतलंय, पलंगाची उंची बाबांच्या गुडघ्याला जमेल अशी केलीय, तुझ्या पाठीला लागते ती कडक गादी मागवलीय, तुझी पोथी वाचायला वाकणारा दिवा आणि शेकायची पिशवी पण ठेवलीय. दिवसा मागच्या खोलीत खुर्ची आहेच, तिथे ऊन खात बसा दिवसभर, रात्री फक्त झोपायला इकडे.

बोळकांडीत, बाथरूममध्ये, जिन्यात माणूस चालला की आपोआप लागणारे दिवे बसवलेत, पिवळे, मंद, डोळ्यावर येत नाहीत. पिस्तुलाच्या आधी ते आणले, दादाला सांग. मी मुद्दाम पिस्तुलावर बसवायचा टॉर्च घेतला नाही, कारण तो असला की जे बघायचं त्याच्यावर नळी रोखली जाते, आणि बघायचं तर आधी आहे. टॉर्च वेगळा, डाव्या हातात. बाबांची ती तीन सेलची बॅटरी माझ्या उशाशी आहे, तीच, बुडाला पोचा आलेली. बल्ब बदललाय फक्त.

आता नियम. हे विनंतीच्या सुरात लिहिणार होते पण मग तुम्ही विनंती समजूनच वागता.

रात्री काहीही ऐकू आलं तरी कोणी खाली बघायला जायचं नाही. बाबा, विशेष करून तुम्ही. मी पण जाणार नाही. आम्ही घरभर शोधत फिरणार नाही, ते चुकीचंच असतं. तुम्ही आमच्या खोलीत यायचं, छोट्याला आम्ही उचलून आणू, दार आतून लावायचं, पोलिसांना फोन, आणि गप बसायचं. वस्तू नेल्या तर नेऊ देत, टीव्ही गेला तर गेला. ते पिस्तूल त्या एका दारासाठी आहे, बाकी घरासाठी नाही.

आई, तू रात्री बांगड्या काढतेस, आता काढू नकोस, तुझा आवाज मला कळतो. आणि बाबा उठले की तू पण उठ, चार दिवस झोप मोडेल, मोडू दे.

पिस्तूल कुठे आहे ते विचारू नका, शोधू नका, आणि छोट्यासमोर तो विषय काढू नका. ते उशाखाली किंवा कपाटात कपड्यांच्या घडीत नाहीये, मुलांना तसल्या जागा सगळ्यात आधी सापडतात, मला तुझी दिवाळीची लपवलेली पाकिटं दरवर्षी सापडायची. स्टीलच्या पेटीत आहे, पेटी बोल्ट मारून बसवलीय, वर आकड्यांची बटणं. बोटाच्या ठशाची नाही घेतली, ओल्या हाताने बरेचदा उघडत नाही. कोड मला आणि जावयाला, बस.

बाबा, कोड तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही आयुष्यभर ऑफिसच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्यात, तुमच्यावर विश्वास नाही असं मनातसुद्धा आणू नका. हात थरथरतात, गेल्या वर्षी गॅस दोनदा चालू राहिला, हे तुम्हीच हसत सांगता. आणि अजून एक कारण आहे, रिटायर झाल्यानंतरचं ते वर्ष. त्याबद्दल आपण बोललो नाही कधी, आत्ताही नको बोलूया. पण पेटी घेताना सगळ्यात जास्त वेळ मी तेच आठवत उभी होते. तुम्ही आता बरे आहात, मला दिसतं, तुमच्या आवाजातच कळतं. तरी नाही सांगणार. आणि कधी मन जड झालं तर त्याच रात्री मला उठवायचं, आईला नाही तर मला, कितीही वाजले असतील तरी.

तुम्हाला हे सगळं नकोसं वाटलं आणि यायचंच नाही असं ठरवलंत तर मी समजू शकते, म्हणजे समजणार नाही, रडेन, पण समजेन. दुसरा पर्याय मी जावयाशी बोलून ठेवलाय, तुम्ही असाल ते सहा महिने ते रेंजवरच्या लॉकरमध्ये ठेवायचं. तुम्ही म्हणालात तर तसं करू. माझं मन अजून दोन्हीकडे जातं, आणि हे मी आत्ता लिहिताना ठरवतेय की निर्णय तुम्ही घ्या. मला हो-नाही फोनवर सांगा, कारण देत बसू नका.

येताना बाबांच्या कानातल्या मशीनचे जादा सेल आण, पाकिटावरचा नंबर जुन्याशी ताडून घे, मागच्या वेळी चुकीचे आणलेस. आणि मशीन रात्रीही कानात ठेवून झोपता येतं का हे डॉक्टरांना विचार, लाजू नकोस. बीपीच्या गोळ्या हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. ते जाड स्वेटर आणू नका, इथे आहेत.

अण्णाकाकांचा भाग बाबांना दोनदा वाचून दाखव, पहिल्यांदा ते "मी अडसर मारलाच नव्हता, ते स्वतः येऊन आपटले" म्हणतील.

तुमची,
चिमी